दूरच्या सर्व्हरचं नेटवर्क बदलताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेऊ नका

एसएसएचवरून (दुरून टर्मिनलमधून लॉगिन करून) उबंटू सर्व्हरचा आयपी पत्ता किंवा गेटवे (बाहेरच्या नेटवर्कला जोडणारा पत्ता) बदलताना एक आकडा चुकला की कनेक्शन गेलंच. म्हणून नेटप्लॅन या उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या साधनात ‘नेटप्लॅन अप्लाय’ऐवजी ‘सुडो नेटप्लॅन ट्राय’ (sudo netplan try) चालवा.

१. नेटप्लॅनच्या याम्ल (YAML) सेटिंग फाइलमध्ये बदल करा. टॅब अजिबात नको, फक्त स्पेस.
२. आयपीच बदलायचा असेल तर जुना पत्ता तूर्त राहू द्या, नवा त्याखाली लिहा. नाहीतर चालू सेशनच तुटेल.
३. ‘ट्राय’ची कमांड दिली की १२० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते. तेवढ्यात दुसऱ्या टर्मिनलमधून नव्या पत्त्यावर लॉगिन होतंय का पाहा. झालं, तरच एंटर दाबा. काहीच दाबलं नाही तर जुनी सेटिंग आपोआप परत येते.

बाँड (अनेक नेटवर्क जोडण्या मिळून एक) किंवा ब्रिज (नेटवर्क एकमेकांना जोडणारा दुवा) यांचे खास पॅरामीटर असतील तर मात्र यावर विसंबू नका, ते मागे फिरवता येत नाहीत.