कयाकवर जिवंत आमिषाची टाकी कुठे बसवावी

उजनीच्या जलाशयात मरळ किंवा शिंगट्यासाठी जिवंत आमिष, म्हणजे छोटे मासे, घेऊन कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद, लहान होडी) उतरवायची असेल, तर आदल्या संध्याकाळी घरीच टाकीची जागा नक्की करावी. 20 लिटरची टाकी भरली की पाण्यात ऑक्सिजन मिसळत ठेवणारा पंप आणि त्याची बॅटरी न धरताही 20 किलोंचा भार होतो. म्हणून मोकळी जागा कुठे आहे हे न पाहता हा भार कयाकला कुठे सोसवेल ते पाहावे. आसनाच्या लगेच मागे, बरोबर मध्यरेषेवर, ही जागा बहुतेक कयाकना मानवते. टाकी अगदी मागच्या टोकाला गेली, तर तो भाग खाली बसतो, पुढचे टोक वर उचलले जाते आणि वारा ते हवे तसे फिरवतो. पायांपुढे ठेवली, तर वल्हवताना गुडघे अडतात आणि लाट पुढूनच आत येते.

जागा ठरली की कयाक अंगणात ठेवून आसनावर बसावे आणि कंबर फारशी न वळवता हात झाकणापर्यंत पोहोचतो का ते तपासावे. आमिष काढण्यासाठी अर्धे उठावे लागत असेल, तर टाकी पुढे सरकवावी. ती नुसत्या लवचीक दोरीवर न सोडता दोन पट्ट्यांनी कडांच्या कड्यांना आवळावी आणि झाकणाला खटका असावा. बॅटरी बंद डब्यात, आसनाच्या पुढे ठेवल्यास मागचा भार थोडा तोलला जातो; तिच्या धन तारेवर फ्यूज हवाच.

टाकी काठापर्यंत रिकामीच न्यावी आणि जलाशयाच्याच पाण्याने भरावी, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना मारक ठरते. ती सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याच्या, छिद्रापर्यंत पूर्ण भरावी. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी कयाक कलते त्याच बाजूला धावते आणि तो कल वाढवते, म्हणून कमी पाणी हवे असल्यास लहान टाकी घेणेच योग्य. सांडव्याची नळी कयाकच्या बाहेर उघडावी. टाकी गोल असल्यास मासे कोपऱ्यात दाटत नाहीत.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांपलीकडे जातो, आणि पाणी 20 अंशांवरून 30 अंशांवर गेले की त्यात विरघळू शकणारा ऑक्सिजन लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅमवरून साडेसातवर येतो. त्यामुळे पंप सतत चालू ठेवावा, टाकी फिक्या रंगाची घ्यावी, तिच्यावर ओले गोणपाट टाकावे आणि बर्फ घालायचाच झाला तर बंद बाटलीतूनच घालावा.

निघण्यापूर्वी गुडघाभर पाण्यात, जीवरक्षक जॅकेट घालून, भरलेल्या टाकीसह दोन्ही बाजूंना कलून पाहावे. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यावर थांबूच नये. 21 मे 2024 रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट याच जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. मासेमारीची परवानगी स्थानिक पातळीवर आधीच विचारून घ्यावी. आमिष शक्यतो त्याच पाण्यातले असावे, आणि दुसऱ्या तळ्यातून आणलेले मासे उरले तर ते जलाशयात सोडू नयेत. बाहेरून आलेल्या चिलापी माशाने तिथे आधीच पुरेशी जागा व्यापली आहे.