कयाकवरून मासेमारी करताना दुर्बीण कशी वापरायची, खाडीतल्या लोकांसाठी

कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या त्या अरुंद छोट्या होडीवर, दुर्बीण कशाला, रॉड धरू की दुर्बीण, असं बरेच जण विचारतात. मी नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या बाजूने पनवेल खाडीत जातो आणि मला आता दुर्बिणीशिवाय जमतच नाही, कारण मासा शोधायला उगाच दोन-दोन तास वल्हं मारण्यापेक्षा जागेवर बसून पाण्यावरच्या खुणा ओळखलेल्या कधीही बऱ्या.

आधी घ्यायची कुठली ते सांगतो. दुकानात १२x, २० x दाखवतात, ते कयाकवर बिनकामाचं, पाणी जरा हललं की चित्र नाचायला लागतं. ७ बाय ५० किंवा ८ बाय ४२ घ्या, यात पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो आणि दुसरा पुढच्या काचेची रुंदी मिमीमधे. ७ बाय ५० मधे ५० भागिले ७, म्हणजे साधारण ७ मिमीचा प्रकाशाचा गोल डोळ्यात येतो, १० बाय ४२ मधे तो ४.२ मिमीच, त्यामुळे ७ वाली हलली तरी चित्र डोळ्यातून निसटत नाही आणि पहाटे उजेड कमी असताना पण दिसतं. फक्त ती जड असते, किलोभर जाते, मानेला नको असेल तर ८ बाय ४२ चांगली. आणि तसंही कयाकवर बसल्यावर आपले डोळे पाण्यापासून जेमतेम ९० सेंमी वर असतात, तिथून क्षितिजच साडेतीन किमीच्या आत असतं, मग जास्त पॉवर घेऊन बघणार काय? वॉटरप्रूफ आणि आत नायट्रोजन भरलेली बघून घ्या, नाहीतर आपल्या दमट हवेत आतून वाफ धरते. तरंगणारा पट्टा तर लावाच, माझी पहिली दुर्बीण पट्टा नसल्यामुळे गेली, खाडीच्या गढूळ पाण्यात हातभर खालचं पण दिसत नाही.

आता बघायचं कसं. आधी वल्ह्याला दोरी आहे ना बघा, मग कयाकचं नाक बघायच्या दिशेला वळवा, कंबरेतून वळून बघू नका, तोल तिथेच जातो. गुडघे थोडे वर घेऊन कोपरं त्यावर टेकवा, किंवा लाइफ जॅकेटला घट्ट दाबून धरा. नजर त्या जागेवरच ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यापर्यंत आणायची, दुर्बीण लावून मग जागा शोधत बसलात की सापडत नाही. आठ-दहा सेकंद बघा, खाली घ्या, आजूबाजूला नजर टाका, परत बघा. ओहोटीचा ओढ असतो तेव्हा तेवढ्यात तुम्ही बरेच सरकलेले असता आणि मागून होडी किंवा बार्ज येत असेल तर कळणार पण नाही.

बघायचं काय, हे खरं महत्त्वाचं. सुरय, ते टोकदार पंखांचे पांढरे पक्षी, पाण्यात सूर मारत असतील आणि परत परत त्याच जागी येत असतील तर खाली बारीक मासा वर ढकलला जातोय, म्हणजे मोठा मासा खाली असायची शक्यता. पण तेच सुरय चिखलावरून फिरत खालचे खेकडे, किडे उचलत असतील तर त्यांच्यामागे जाऊ नका. बोयी मासे उड्या मारताना दिसले तर एकटी-दुकटी सोडून द्या, थवाच्या थवा एका दिशेने उसळला की जिताडा, म्हणजे त्यांना खाणारा मोठा मासा, मागे असू शकतो, मग त्या जागेच्या पुढे कास्ट करायचा, म्हणजे गळ फेकायचा, थव्याच्या डोक्यावर नाही. दोन प्रवाह भिडतात तिथे पाण्यावर फेसाची रेघ दिसते, ती पण धरून ठेवा. जाळ्याचे खुंट आणि थर्माकोलचे फ्लोट दुरूनच ओळखा आणि लांबून जा, ती कोळी बांधवांची रोजीरोटी आहे.

एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. ओहोटीला बगळा किंवा फ्लेमिंगो उभा दिसला की त्याचे पाय बघा. पाय दिसतायत म्हणजे तिथे पाणी वीतभर, कयाक घातलीत तर बसाल, आणि इथल्या चिखलात उतरून ढकलायचा विचार पण करू नका, कंबरेपर्यंत रुतायला होतं. भरतीचा अंदाज जुन्या लोकांसारखा तिथीवरून येतो, तिथीला पाऊणने गुणायचं, अष्टमीला साधारण ६ वाजता भरती, पण हा ढोबळ हिशोब, निघायच्या आधी टाइड टेबल, म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक, बघाच.

आपल्या बाजूने खाडी पश्चिमेला उघडते, म्हणून सकाळी सूर्य पाठीमागे आणि सगळं स्वच्छ दिसतं. संध्याकाळी तो समोर येतो, तेव्हा दुर्बीण क्षितिजावरून फिरवत नेऊ नका, चुकून सूर्य आत आला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

ऐरोली आणि वाशी पुलांच्या मधे फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ ला जाहीर झालं, २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, पण आलं, तिकडे मासेमारीला कयाक नेऊ नका. आणि उरण-करंजा बाजूला नेव्हीचा एरिया, तिथे दुर्बीण बॅगेतच ठेवा, ओळखपत्र जवळ असू द्या.

घरी आलात की काच लगेच पुसू नका, मिठाचे कण ओरखडे पाडतात. आधी नळाच्या गोड्या पाण्याची हलकी धार, मग मऊ कापड. ओली दुर्बीण केसमधे बंद करू नका, रात्रभर पंख्याखाली उघडी ठेवा, आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते आणि ती साफ करायला दुर्बीण खोलावी लागते.