लाल शिरोवस्त्रातील पुरुष : प्रतिकृती करत व्यक्तिचित्रण शिकताना

व्यक्तिचित्रणाचा हात बसवण्यासाठी एखाद्या जुन्या चित्राची प्रतिकृती करायची असेल, तर पंधराव्या शतकातील फ्लेमिश चित्रकार यान व्हान आयकने रंगवलेले लाल शिरोवस्त्रातील पुरुषाचे चित्र घ्यावे. त्याच्या चौकटीवर २१ ऑक्टोबर १४३३ ही तारीख आहे आणि ते आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चित्र जेमतेम २६ सेंटिमीटर उंच आणि १९ सेंटिमीटर रुंद असल्यामुळे प्रतिकृती मूळ आकारातच करता येते आणि मोजमापाचा अर्धा गोंधळ तिथेच मिटतो. समोर चांगली छापील प्रत ठेवावी, कारण मोबाइलचा पडदा स्वतःच उजळतो आणि सावल्यांची खोली फसवी दिसते.

मूळ चित्र ओकच्या फळीवर आहे. आपण गुळगुळीत प्लायवुडवर गेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) चार-पाच पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थर वाळल्यावर बारीक पॉलिशपेपरने घासून घ्यावा. कॅनव्हास टाळावा, कारण डोळ्यांखालच्या सुरकुत्या त्याच्या विणीत हरवतात. रेखाटन ट्रेस करून उतरवले तरी चालेल, असे माझे मत आहे. या अभ्यासात आपल्याला प्रकाश समजून घ्यायचा आहे.

प्रकाश डावीकडून येतो. उजवीकडचा गाल आणि जबड्याची कड काळ्या पार्श्वभूमीत विरत जाते. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने आधी या सावल्याच मांडाव्यात आणि उजेडाच्या जागी गेसोचा पांढरा तसाच राखावा, कारण पुढे त्वचेच्या पारदर्शक थरांमधून तोच उजळणार आहे. प्रत्येक थरात जवसाच्या तेलाचे प्रमाण थोडे वाढवावे, पण खालचा थर बोटाला चिकटत असेल तर वर हात लावू नये. माझ्या पहिल्या प्रयत्नात ऐन पावसाळ्यात मी घाई केली आणि ब्रशबरोबर गालाचा सगळा रंग उचलला गेला.

शिरोवस्त्र शेवटी रंगवावे, हा माझा आग्रह आहे. आपल्या डोळ्यांना तो फेटाच वाटतो, पण प्रत्यक्षात ते शापरॉन नावाचे युरोपीय शिरोवस्त्र आहे, ज्याची लोंबती टोके वर गुंडाळून बांधली आहेत. त्या घड्या रंगवण्यात इतकी गंमत आहे की नवखा माणूस तिथेच रमतो आणि चेहरा अर्धवट राहतो.

खरी कसोटी डोळ्यांची आहे. डोळ्याचा पांढरा भाग निव्वळ पांढरा नाही. त्यात लाल आणि निळ्या रंगाचा अगदी कणभर अंश आहे, वरून तांबूस पातळ थर आहे आणि तो ओला असतानाच त्यात सिंदुरी रंगाच्या शिरा ओढल्या आहेत. बुबुळ अल्ट्रामरीन या गर्द निळ्या रंगाचे आहे, कडेला गडद आणि बाहुलीकडे जाताना पांढऱ्या-काळ्यात मिसळत गेलेले. व्हान आयकने वापरलेला शिशाचा पांढरा विषारी असल्याने आपण टिटॅनियम व्हाइट घ्यावा, मात्र तो फार झाकतो, म्हणून बेताने वापरावा. सर्वांत शेवटी त्याच पांढऱ्याचे चार ठिपके द्यायचे आहेत : एक बुबुळावर, तीन पांढऱ्या भागावर. त्यासाठी सर्वांत बारीक ब्रशचे टोक नुसते टेकवावे, आणि ठिपका मोठा झालाच तर तो ओला असताना कोरड्या ब्रशने टिपून घेऊन पुन्हा द्यावा.