पाणी न गाळता एका कढईतला पास्ता

बायको ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. तिची नाईट असली की सातच्या सुमाराची ठाणे लोकल घणसोलीहून तिला पकडावीच लागते. महापे एमआयडीसीतून मी सहापर्यंत घरी टेकतो. मधल्या तासाभरात तिचा डबा भरायचा, शिवाय माझं आणि मुलीचं जेवण. अशा दिवशी मी पोळ्यांचा घाट घालत नाही. एक कढई चढवतो आणि पास्ता करतो. पास्ता एकीकडे, सॉस दुसरीकडे, वर गाळणं असा पसारा नाही. सगळं त्या एकाच कढईत, अर्ध्या-पाऊण तासात.

ह्यात कळीची गोष्ट एकच: पाणी ओतून द्यायचं नाही. पास्ता शिजताना त्यातला स्टार्च पाण्यात उतरतो. नेहमीच्या पद्धतीत तो सिंकमध्ये जातो आणि मग सॉस दाट करायला आपण क्रीम नाहीतर मैदा शोधतो. इथे तेच पाणी आटून सॉस होतं, म्हणून सगळी मदार पाण्याच्या मापावर आहे. मी पास्त्याच्या तिप्पट पाणी घेतो. अर्ध्या किलोच्या पाकिटातला निम्मा, म्हणजे २५० ग्रॅम पास्ता आणि ७५० मिली पाणी, लिटरची बाटली पाऊण भरून. तिघांना पोटभर होतं.

पास्ता घेताना पाकिटावर ड्युरम गहू लिहिलंय का ते बघाच. आपला बन्सी रवा ज्या जातीच्या गव्हाचा, तोच हा गहू. त्यातली प्रथिनं जास्त, त्यामुळे पास्ता शिजला तरी अंगाने घट्ट राहतो. साध्या रव्या-मैद्याचा स्वस्त पास्ता ह्या पद्धतीत विरघळतो, कारण इथे तो सतत हलवला जातो. आकार नळीसारखा पेने किंवा पीळदार फुसिली. स्पॅगेटी आपल्या कढईत मावत नाही आणि ती मोडून घालणं मला पटत नाही. कढई स्टीलची किंवा नॉनस्टिक हवी, पसरट असली तर उत्तम. लोखंडी नको, टोमॅटोच्या आंबटपणाने रंग काळपट येतो.

घरात शिरल्या शिरल्या केटलमध्ये पाणी लावायचं आणि लसूण सोलायला बसायचं. दहा-बारा पाकळ्या. ठेचायच्या नाहीत, पातळ काप करायचे. ठेचलेला लसूण चटकन करपतो आणि कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. कढईत तीन चमचे शेंगदाणा तेल, मंद आचेवर लसूण, कडा जेमतेम सोनेरी झाल्या की एक बारीक चिरलेला कांदा. ऑलिव्ह ऑईल नसलं तरी काही अडत नाही. दोन बेडगी मिरच्या मोडून टाकायच्या. फ्रिजच्या दारात पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्सच्या पुड्या साठलेल्या असतातच, त्या इथे कामी येतात.

कांदा मऊ झाला की चार चांगले लालबुंद टोमॅटो चिरून आणि एक सपाट छोटा चमचा मीठ. एवढंच मीठ आधी, कारण पाणी कुठेही जाणार नाही, घातलेलं सगळं ताटात येणार. झाकण ठेवून पाच मिनिटं. टोमॅटोची सालं सुटून कडेने तेल दिसायला लागलं की समजायचं झालं. टोमॅटो फार आंबट असतील तर चिमूटभर साखर.

आता कोरडा पास्ता तसाच घालून एकदा परतायचा आणि वरून उकळतं पाणी. पास्ता पाण्याखाली बसला पाहिजे, वर डोकावणारे तुकडे उलथण्याने दाबायचे. पहिली दोन-तीन मिनिटं कढईसमोरून हलायचं नाही. ह्याच वेळी पास्त्याचा वरचा थर चिकट होतो आणि तुकडे एकमेकांना आणि तळाला धरून बसतात. तळापर्यंत उलथणं नेऊन हलवत राहायचं. नंतर आच मध्यम, झाकण काढलेलंच, आणि दर दोन मिनिटांनी एक फेरा. त्या मधल्या वेळात माझी दुपारची भांडी होतात आणि मुलीच्या गणिताच्या वहीवर नजर टाकून होते.

पाणी घातल्यापासून सहा-सात मिनिटांनी बारीक चिरलेली फरसबी आणि वाटीभर मक्याचे दाणे. सिमला मिरची अगदी शेवटच्या तीन मिनिटांत, नाहीतर तिचा करकरीतपणा जातो. फरसबी नसेल तर गाजर चालतं. दुधी आणि कोबी मात्र पाणी सोडतात आणि माप बिघडवतात. रात्रभर उभं राहून काम करणाऱ्या माणसाला नुसता पास्ता पुरत नाही, म्हणून शिजवलेले छोले किंवा पनीरचे तुकडे मी आवर्जून घालतो.

पाकिटावर दहा मिनिटं लिहिली असतील तर इथे बारा-तेरा लागतात, पण घड्याळापेक्षा बुडबुड्यांकडे बघा. सुरुवातीला ते बारीक आणि भराभर येतात. पाणी आटत आलं की मोठे, सावकाश होतात आणि पिठल्यासारखे फुटून शिंतोडे उडायला लागतात. त्या वेळी उलथण्याने तळावर एक रेघ ओढायची. ती क्षणभर दिसून मग भरून आली, तर सॉस जमलं. एक पेने दातांनी मधोमध तोडून बघायचा: मध्ये पांढरट ठिपका ठळक असेल तर अजून कच्चा, सुईच्या टोकाएवढा राहिला असेल तर गॅस बंद. उरलेलं तो आपल्या वाफेवर शिजतो.

पाणी आधीच आटलं आणि पास्ता कच्चा असेल तर अर्धी वाटी गरम पाणी. गार घातलं की उकळी मोडते. उलट पास्ता झाला आणि पाणी उरलं तर मिनिटभर मोठी आच.

गॅस बंद केल्यावरच दोन चीज क्यूब किसून आणि लोण्याचा एक तुकडा. उकळत्या सॉसमध्ये चीजच्या गाठी होतात. तीन मिनिटं झाकून ठेवायचं, मग वाढायचं.

डब्याचा पास्ता मी ह्या तीन मिनिटांच्या आधीच, जरा सैल असताना काढतो. पास्ता बसल्या बसल्या सॉस पीत राहतो. डबा भरताना बरोबर वाटणारा पास्ता रात्री दीडला ढेकूळ झालेला असतो. डबा काचेचा, कारण तिच्या वॉर्डच्या पँट्रीत मायक्रोवेव्ह आहे. वरून तीन चमचे गरम पाणी फिरवायचं आणि तिला सांगायचं, की गरम करताना आणखी दोन चमचे घाल आणि मग ढवळ. तिला तो चमच्याने, उभ्या उभ्या खाता आला पाहिजे, म्हणून भाज्याही मी लहानच चिरतो.

रविवारी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातून कोळंबी आणली असेल तर थोडी सोमवारच्या पास्त्यासाठी स्वच्छ करून, हळद-मीठ लावून फ्रीजरमध्ये ठेवावी. सोमवारी सकाळी ती खाली फ्रिजमध्ये काढायची. लसणाच्याही आधी त्याच तेलात दोन मिनिटं परतून बाजूला काढायची आणि शेवटच्या दोन मिनिटांत परत कढईत टाकायची; सुरुवातीपासून शिजवली तर रबरासारखी होते. तिचा अर्क तेलात उतरलेला असतो, तोच सगळ्या पास्त्याला लागतो. ह्या पास्त्यात चीज घालू नका. भरपूर कोथिंबीर आणि अर्धं लिंबू पिळा.