कुरळ्या केसांचा कुत्रा: आधी विंचरा, मग आंघोळ

बेळगाव-खानापुरात पाऊस एकदा लागला की कुरळ्या केसांच्या मिश्र जातीच्या कुत्र्याच्या अंगावर जटा धरतात. बहुतेक जण इथंच चुकतात, आधी आंघोळ घालतात. पाणी लागलं की गाठ आणखी आवळते; म्हणून कोरड्या अंगावरच विंचरा. वरवर ब्रश फिरवून भागत नाही. केस हातानं बाजूला करत, कातडी दिसेल अशा ओळी पाडा आणि शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून सरकतो का बघा. कानामागं, काखेत, गळपट्ट्याखाली हमखास गुंता सापडतो. (गोचीडही तिथंच हाती लागते.) गाठीला चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सोडवा. कात्री नको, गाठीत कातडी ओढली गेलेली असते. आंघोळीनंतर मुळापर्यंत वाळवा. जुलैत ऊन कुठलं आमच्याकडं, पंख्याखालीच बसवा.