कोच म्हणून आपलं व्हिजन कसं ठरवायचं

कुठल्याही कोचला विचारा तुमचं व्हिजन काय, उत्तर ठरलेलं असतं, शिस्त, मेहनत, टीमवर्क. चूक काही नाही त्यात, पण हे तर कोणीही कुठल्याही टीमबद्दल बोलेल, मग त्यात तुमचं काय? माझ्या मते व्हिजन म्हणजे अडचणीच्या वेळी निर्णय घ्यायला कामी येईल ते. समजा तुमचा सगळ्यात भारी प्लेयर आठवडाभर प्रॅक्टिसला फिरकलाच नाही आणि उद्या फायनल आहे, त्याला खेळवायचं की बसवायचं? याचं उत्तर ज्यातून मिळत नाही ते भिंतीवर लावायचं पोस्टर झालं फक्त.

सुरुवात वही-पेनाने करा. तुम्ही स्वतः खेळत होतात तेव्हा कोणत्या सरांमुळे मैदानावर यावंसं वाटायचं आणि कोणामुळे खेळच सोडावासा वाटायचा, ते लिहा. "सर कडक होते" असलं नको, नेमका प्रसंग लिहा, म्हणजे हरल्यावर ते काय बोलले, दुखापत झाली तेव्हा कसे वागले. चारपाच प्रसंग झाले की आपल्याला काय पटतं ते आपोआप दिसायला लागतं.

मग समोर कोण आहे ते बघा. दहा वर्षांची पोरं असतील तर पुढच्या वर्षी त्यातली किती परत येतात हे ट्रॉफीपेक्षा मोठं, सिनियर टीम असेल तर हिशोब वेगळा.

आता अवघड भाग. यश म्हणजे काय ते "जिंकणं" हा शब्द न वापरता लिहायचं. बास्केटबॉलचे कोच जॉन वुडन यांचं म्हणणं असं की आपल्या कुवतीइतकं चांगलं होण्यासाठी आपण सगळं केलं, हे माहीत असल्याचं समाधान म्हणजे यश. ते 1948 ला यूसीएलए या अमेरिकन विद्यापीठाच्या टीमकडे आले आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं थेट 1964 ला, पण नंतर 1975 पर्यंत एकूण 10 झाली! आणि हेच वुडन सीझनच्या सुरुवातीला खेळाडूंना मोजे नीट कसे घालायचे ते शिकवायचे, कारण सुरकुती राहिली की फोड येतो आणि फोड आला की प्रॅक्टिस बुडते. मला हे फार आवडतं, विचार मोज्यापर्यंत पोचला पाहिजे.

अमेरिकन फुटबॉलचे पीट कॅरोल यांची गोष्ट पण इथे सांगण्यासारखी आहे. पंचवीसेक वर्षं कोचिंग झालेलं, 1999 च्या सीझननंतर पेट्रियट्स या व्यावसायिक टीमची नोकरी गेली, तेव्हा वुडनबद्दल वाचताना त्यांच्या लक्षात आलं की आपण आपला विचार कधी धड मांडलाच नाही, आणि मग बसून लिहून काढला. पुढे कॉलेज टीमबरोबर यश मिळालं आणि 2014 च्या फेब्रुवारीत सीहॉक्स टीमबरोबर सुपर बोल, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगची फायनल, पण जिंकली. नुसतं लिहिल्याने जिंकले असं नाही, पण एवढा अनुभव असूनही लिहायची गरज पडलीच ना.

लिहिलेलं दोनतीन ओळींत आणा आणि त्याला त्रास देणारे प्रश्न विचारा. यासाठी पैसे सोडाल का? मॅच सोडाल का? बॅडमिंटनपटू पुलेला गोपीचंद यांनी 2001 ला ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकल्यावर कोलाची जाहिरात नाकारली, स्वतः पीत नाही म्हणून. जे पाळताना काहीच सोडावं लागत नाही ते तुम्ही खरंच मानता का, हे कळायला मार्ग नसतो.

यानंतर मागच्या महिन्याचं प्रॅक्टिसचं शेड्यूल काढून बघा, इथे बऱ्याच जणांची गोची होते. कागदावर "प्रत्येकाने शिकायचं" आणि प्रत्यक्षात बेंचवरची पोरं अर्धा वेळ लाईनमध्ये उभी! मग एकतर ड्रिल बदला, छोटे ग्रुप करा, नाहीतर सरळ ते वाक्य खोडा. कोणाला तरी बाजूला बसवून तुम्ही कोणाशी किती वेळा बोलता ते मोजायला सांगा, आकडे बघून जरा धक्का बसेल.

सीझन सुरू व्हायच्या आधीच खेळाडूंना सांगा, लहान मुलं असतील तर पालकांनाही, आणि उदाहरण देऊन सांगा, "प्रॅक्टिस चुकवली तर पुढची मॅच बाहेर, मग कोणीही असो". वर्षातून एकदा परत वाचा, पण हरल्याच्या रात्री वही उघडू नका, तेव्हा सगळंच चुकीचं वाटतं. काही बदललंत तर तेही टीमला तोंडावर सांगा, नाहीतर त्यांना ते सिलेक्शनच्या दिवशीच कळतं आणि मग भांडणं ठरलेली.