गच्चीवर खरंच फिरणारा वातकुक्कुट

खोडरबरात टाचणी, टाचणीवर स्ट्रॉ, स्ट्रॉच्या टोकांना पुठ्ठ्याचे त्रिकोण: ही कृती जिथे तिथे सांगतात. असला वातकुक्कुट, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, पंख्याखाली छान फिरतो. गच्चीवर टाचणीला घासून अडकतो आणि पहिल्याच पावसात पुठ्ठ्याचा लगदा होतो.

त्याऐवजी फूटभर कामटी घ्या. आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून तळहाताएवढं शेपूट आणि त्याच्या पाव आकाराचं टोक कापा. मुलांना टोक मोठं हवं असतं, ऐकू नका. वारा मोठ्या शेपटाला मागे रेटतो म्हणून टोक वाऱ्याकडे तोंड करतं. दोन्ही सारखी असली तर बाण कुठेही थांबतो. कामटीला चिरा देऊन दोन्ही उभी बसवा.

आता खरी मेख: बाण कशावर फिरणार? माझं उत्तर ठरलेलं आहे. सायकलचा जुना स्पोक आणि बॉलपेनचं टोपण. स्पोकचं टोक कानशीने मोठ्या माणसानेच घासून टोकदार करावं; त्यावर टोपण उपडं बसून फिरेल. टोपणाच्या बंद टोकाला बहुतेकदा भोक असतं, तेव्हा बिनभोकाचं शोधा.

टोपण कामटीच्या मध्यावर मुळीच बांधू नका. शेपूट जड असतं. टोकाला एम-सीलची गोळी लावा आणि कामटी पट्टीच्या धारेवर तोला. टोकापासून साधारण एक तृतीयांशावर ती आडवी राहीपर्यंत गोळी कमीजास्त करा. तोल साधला तिथेच टोपण उभं, बंद बाजू वर ठेवून दोऱ्याने आवळा. कामटी टोपणाच्या खालच्या कडेजवळ यायला हवी. वजन टेकूच्या खाली राहिलं तरच बाण डुगडुगत नाही. तोल चुकला की टोपण कलतं, त्याची कड स्पोकला घासते, खेळ संपला. म्हणून दोरा डिंकाने पक्का करण्याआधी बंद खोलीत स्पोक जरा तिरका धरून पाहा. बाण दर वेळी उताराकडेच वळला, तर गोळी पुन्हा जुळवा. इथे घाई करणाऱ्यांचा बाण पुढे महिनाभर एकच दिशा दाखवतो.

स्पोक वाळू भरलेल्या बाटलीत रोवा.

दिशा होकायंत्राने आखा, पण स्लॅबच्या सळया आणि लोखंडी टाकीपासून लांब. दुपारच्या सावलीवर विसंबू नका: मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मुंबई-पुण्यात माध्यान्हीची सावली दक्षिणेला पडते. कठड्याच्या आडोशाला वारा भोवरे घेतो, म्हणून बाटली उंच, मोकळ्यावर ठेवा.

बाण जिकडे, तिकडून वारा. पावसाळ्यात तो बहुधा नैऋत्य ते पश्चिम या टापूत राहील. उतरवताना स्पोकवर बूच खोचा.